पंचायतीतलं इंटरनेट आणि माझा पासपोर्ट

बारा वर्षांचा होईपर्यंत मी भिंतीच्या आत राहिलो नव्हतो. आमची शंभरेक मेंढरं होती, एक घोडं होतं आणि त्या घोड्याच्या पाठीवर मावेल एवढाच संसार होता. ज्याच्या वावरात मेंढरं बसवायची त्याच्याच बांधावर माय तीन दगड मांडून चूल पेटवायची. मेंढरं बसवणं म्हणजे भोवती जाळी लावून कळप वावरात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्यांचं खत वावराला मिळतं आणि वावरवाला बदल्यात ज्वारी देतो. हळदीच्या रानाला यासारखं दुसरं खत नाही, हे वसमतपासून कुरुंद्यापर्यंत कुणीही सांगेल. खत सगळ्यांना पाहिजे होतं. आम्ही मात्र चार दिवसांच्या वर कुणालाच नको होतो. पाचव्या दिवशी माय विहिरीवर गेली की बायका म्हणायच्या, "काहून गं, अजून हायतच का तुमी?"

माझ्यानंतर मायला दोन लेकरं झाली. एक तापानं गेलं. दुसरं कशानं गेलं ते कुणी सांगितलंच नाही. गावागावात लेकरांना सुई टोचायला नर्स यायची. माय लेकराला पदराखाली घेऊन रांगेत उभी राहिली, तर नर्सनं हातातली यादी बघून तिला बाजूला काढलं. "तुमचं नाव न्हाई बाई हितं. तुमच्या गावच्या नर्सकडं जा." आमच्या गावची नर्स कोणती, हे मायला माहीत नव्हतं. तसं गावही माहीत नव्हतं.

त्यानंतर झालेली माझी बहीण जगली. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. नर्सची गोष्ट मायनं तिला इतक्या वेळा सांगितली होती की पोरगी शाळेत जायच्या आधीपासूनच म्हणायची, "मी नर्स व्हणार, आन् यादी ठेवणारच न्हाई." मी तेव्हा हसायचो. ती हसत नव्हती.

आता आबांची एक चूक सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं. आबा म्हणजे माझे वडील. कुणीही "गाव कोणतं?" असं विचारलं की आबा त्या दिवशी मेंढरं जिथं बसली असतील त्या गावाचं नाव सांगायचे. लबाडी नव्हती त्यात. दोन धनगर वाटेत भेटले की एकमेकांना हेच विचारतात, आणि त्याचा अर्थ एवढाच असतो की तुझा कळप सध्या कुठं आहे. सरकारी माणूसही तेच विचारतोय, असं आबांना वाटायचं. त्यामुळं शाळेच्या दाखल्यात माझा जन्म कुरुंद्याचा झाला. रेशन कार्ड कळमनुरीकडच्या एका गावचं निघालं, कारण कार्डवाले आले तेव्हा आमचा मुक्काम तिकडं होता. मतदार यादीत आबांचं नाव तिसऱ्याच गावात. त्या गावात मतदानाच्या दिवशी आबा कधीच नव्हते.

एका मास्तरांनी मला वसमतच्या वसतिगृहात घातलं म्हणून मी शिकलो. बारावीला मार्क चांगले पडले. परभणीला जनावरांच्या डॉक्टरीला प्रवेश मिळत होता, फक्त जातीचा आणि रहिवासाचा दाखला पाहिजे होता. कचेरीत कारकुनानं माझे तीन कागद टेबलावर ओळीनं मांडले.

"बाप एकच हाय ना?"

"व्हय साहेब."

"मग गावं तीन कशी? इचार बापाला, राहतो कुठं ते."

आबा बाजूलाच उभे होते. ते अदबीनं म्हणाले, "सध्या औंढ्याच्या रस्त्याला हाव साहेब." म्हणजे चौथं. कारकून हसला, त्याच्या मागचे दोघं हसले. आबांना कळलं नाही ते काहून हसून राहिले. मला कळलं होतं, आणि मला त्या दिवशी आबांची लाज वाटली. लिहायचं म्हणून लिहितो, चांगलं वाटत नाही.

कुणीतरी जामीन राहिल्यासारखं लिहून द्यावं, की ही माणसं इथलीच आहेत, असं कारकून म्हणाला. आबा एका बड्या वावरवाल्याकडं गेले. त्याच्या वावरात आमची मेंढरं वीस वर्षं बसली होती. तो पान लावता लावता म्हणाला, "आरं, पाऊसबी दरसाल येतो माझ्या वावरात. मग काय त्याचं नाव कार्डात घालू?" शेवटी वसमतला आमची लोकर घेणारे एक म्हातारे चाचा होते, ते स्वतः कचेरीत आले. कारकुनाला म्हणाले, "बीस साल से देखता हूँ इनको. जाते हैं, तो बराबर वापस भी आते हैं. ये रहना नहीं, तो रहना किसको बोलते हैं?" त्यांच्या सहीवर मला दाखला मिळाला. मी पदवीधर झालो तो त्या सहीवर. आमच्या खानदानात पहिला. हे मी कुठंही छाती काढून सांगतो.

नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आमची मेंढरं होती तिथंच होती, जिल्हा मात्र बदलला. त्याला कुणी पुरावा मागितला नाही.

पुढं मेंढरांच्या रोगांवर शिकायला युरोपच्या अगदी वरच्या टोकाकडच्या एका लहान, थंड देशात मला जागा मिळाली. पासपोर्ट काढताना पोलीस चौकशीला आला तेव्हा दिलेल्या पत्त्यावर त्याला फक्त लेंड्या सापडल्या. तो पासपोर्ट हातात पडायला अकरा महिने लागले. म्हणून तो मला जिवापाड होता. मी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात घेऊन फिरायचो.

त्या देशात जाऊन आठवडा झाला असेल. घरी पोचल्याचं कळवायचं होतं. वसमतच्या एका ओळखीच्याकडं ईमेल होता, तो आबांना निरोप देणार होता. मी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. तिथं संगणक मांडलेले होते. मी टेबलावर पासपोर्ट, व्हिसाची पत्रं, विद्यापीठाचं पत्र, सगळी चळत ठेवली आणि विचारलं, मला इंटरनेट वापरता येईल का. टेबलामागच्या बाईंनी ते कागद न बघताच माझ्याकडं परत सरकवले आणि रिकाम्या खुर्चीकडं बोट केलं. मला वाटलं, बाईंना माझं बोलणं कळलं नाही. मी परत म्हणालो, मी इथला रहिवासी नाही, मला अजून इथला ओळख-नंबर मिळालेला नाही. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही इथं उभे आहात ना?"

मी तिथं बसून दोन ओळींचा मजकूर लिहायला अर्धा तास घेतला.

त्या देशाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. घर भाड्यानं देताना नाव ऐकून तीन जणांनी फोन ठेवले. पण तिथलं सरकार इंटरनेटला पाण्याच्या नळासारखं धरायचं. माणूस राहतो तिथपर्यंत ते न्यायचं, आणि ज्याच्याकडं नाही त्याच्यासाठी वाचनालय उघडं ठेवायचं. कामासाठी मी एका बेटावर जायचो. तिथं एक म्हातारा दीडशे मेंढरं घेऊन एकटा राहत होता. त्याच्यासाठी सरकारनं समुद्रातून तार टाकली होती. मी त्याला विचारलं, तुम्ही अर्ज कुणाकडं केला होता? त्याला प्रश्नच समजला नाही.

सहा वर्षांनी मला त्या देशाचं नागरिकत्व मागता येणार होतं. मागायचं तर आपला पासपोर्ट परत द्यावा लागतो. दोन्ही ठेवता येत नाहीत. तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात वर्षभर कोरा पडून होता. मी भरत नव्हतो. आपला देशही बदलतोय, असं मी स्वतःला सांगायचो. मी पाठवलेल्या पैशातून आबांनी एका गावाच्या गायरानाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या घातल्या होत्या. कळप चाळिसावर आणला होता. बहीण त्याच गावच्या शाळेत शिकली आणि पुढं वसमतला बारावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावात बहिणीला नात म्हणणारी म्हातारी माणसंही आहेत, त्यांना कशाला खाली बघायला लावू.

त्याच वर्षी त्या गावच्या पंचायतीत सरकारनं इंटरनेट दिलं. बहिणीनं फोनवर सांगितलं, की नवीन टेबल आलंय, संगणक आलाय, आणि बाहेर पाटी लागलीय, 'सर्व ग्रामस्थांसाठी मोफत'. मला इतका आनंद झाला की मी बरोबरच्या तिथल्या मित्रांना कॉफी पाजली. त्यांना म्हणालो, बघा, आता माझ्या गावातही आहे. मी 'माझ्या गावात' म्हणालो.

उन्हाळ्यात नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म निघाले. पहिल्यांदाच फक्त संगणकावर भरायचे. घरात ठरलेलं होतं, यंदा नंबर लागला तर पोरीनं शिकायचं, नाहीतर तिला उजवून टाकायचं. स्थळ बघून ठेवलेलं होतं. बहिणीला मार्क चांगले होते, नंबर लागणारच होता. फक्त फॉर्म जायला पाहिजे होता. तिनं मला फोन केला.

"दादा, तूच भर ना तिथून. माझा सगळा तपशील सांगते, लिहून घे."

मला ते दहा मिनिटांचं काम होतं. वाचनालय माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मी म्हणालो, "नाही. सरकारनं ते टेबल तुझ्यासाठी टाकलंय. तिथं जा आणि तूच भर. हक्कानं भर."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

पुढचं मला तिच्याकडून आणि आबांकडून नंतर कळलं. पंचायतीतल्या त्या इंटरनेट केंद्रात सरपंचांचा पुतण्या बसायचा, बहिणीच्या पुढच्या वर्गात शिकलेला. ती गेली तेव्हा तो संगणकावर पत्ते खेळत होता.

"रेशन कार्ड दे."

तिनं दिलं. त्यानं उलटसुलट केलं. "हे तर कळमनुरीकडचं हाय. तिकडल्या पंचायतीत जा."

"तिकडं न्हाई इंटरनेट."

"मग मी काय करू? हितं ग्रामस्थांसाठी हाय. पाटी वाचता येती ना?"

"मी सातवीपासून ह्याच गावात शिकले. तुझी जुनी पुस्तकं मीच वापरली."

"शाळा येगळी, पंचायत येगळी."

दुसऱ्या दिवशी ती आबांना घेऊन ग्रामसेवकांकडं गेली. ते बोलायला सभ्य होते. म्हणाले, "आबा, तुमचं घर गायरानावर. ते आमच्या नोंदीला लागत न्हाई. घरच न्हाई तर रहिवासी कसं म्हणू? उद्या तपासणी झाली तर माझी नोकरी जाईल."

आबा म्हणाले, "साहेब, ह्या हापिसाच्या मागच्या वावरात माझी मेंढरं बसलेली हायत. सरपंचांचंच वावर हाय. खिडकीतून बघा, दिसत्यात."

पुतण्या मागून म्हणाला, "दिसत्यात की. मेंढरांचा फॉर्म भरायचाय का, मामा?"

खोलीतले सगळे हसले. बहीण म्हणते, ग्रामसेवकही हसले, पण खाली बघून.

आबा वळले. बाहेर आले, वावरात गेले आणि जाळी उपटली. मुक्काम पाच दिवसांचा ठरला होता, दोनच झाले होते. ठरलेल्या दिवसांआधी जाळी उचलणं आमच्यात मोठी गोष्ट असते. त्या वावराचा आणि त्या माणसाचा उघड अपमान असतो तो. आबांनी उभ्या आयुष्यात असं कधी केलं नव्हतं. गावानं बघितलं. सरपंच दुपारीच मोटारसायकल घेऊन पत्र्याच्या खोल्यांपुढं आले आणि मायला म्हणाले, "म्हाताऱ्याला सांग, माज आला का त्याला." तिसऱ्या दिवशी बहीण परत केंद्रात गेली तेव्हा पुतण्यानं सांगितलं, लाइन बंद आहे. पत्त्यांचा खेळ मात्र चालू होता. चौथ्या दिवशीही लाइन बंद होती, आणि पाचव्या.

या सगळ्या दिवसांत तिनं मला फोन केला नाही. दादानं एकदा नाही म्हटलं, परत काय विचारायचं, हा आमच्या घरातला ताठा. शेवटच्या दिवशी ती पहिल्या एस.टी.नं वसमतला गेली. तिथल्या सायबर कॅफेपुढं रांग लागली होती. तिचा नंबर आला तेव्हा तीन वाजले होते. सगळ्यांचे फॉर्म एकदमच चालल्यानं पान उघडेना. अर्धं नाव टाकलं की चक्र फिरत राहायचं. दुकानवाला भला होता, त्यानं तिला सहा वाजेपर्यंत उठवलं नाही. सहाला मुदत संपली.

त्यानंतर तिचा फोन आला. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू हक्कानं भर म्हणालास. म्हणून मी हक्कानं गेले."

ती रडली नाही. मला वाटत होतं, रडावं.

मी मायला फोन केला. म्हणालो, एक वर्ष थांबा, पुढच्या वर्षी मी इथून भरतो. माय म्हणाली, "तू तिकडं बसून सांगू नको. तवा भर म्हणली पोरगी, तर तू तिला कायदा शिकवला. आता पाहुणे येऊन राहिले." मायला आणि आबांना मी दोष देत नाही. त्या दोघांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या तारखेवर मुक्काम हलवलेले. लग्नाची एक तारीख त्यांनी स्वतः धरली होती, ती त्यांना सोडवेना.

लग्नाला मी गेलो. मांडवात सरपंच आले, पुतण्याही आला, जेवून गेले. पुतण्या मला म्हणाला, "दादा, तिकडं नेट लई फास्ट असंल ना?" मी हो म्हणालो. एवढंच. पदवी घेतलेल्या माणसानं यापेक्षा बरं काही बोलायला पाहिजे होतं.

परत गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी खणातला अर्ज भरला. तिथल्या कारकून बाईंनी मला विचारलं, तुम्ही कुठं राहता? मी गल्लीचं नाव सांगितलं. कधीपासून? मी सांगितलं. त्यांनी समोरच्या संगणकात बघितलं आणि मान हलवली. बस. मी तरी पिशवीतून कागद काढायला लागलो होतो. सवय.

त्या देशात आमच्याकडची आणखी काही मराठी मंडळी होती. गणपतीला एकत्र जमायची. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच तिथलं नागरिकत्व घेतलेलं होतं, फिरायला व्हिसा लागत नाही म्हणून. मी घेतोय कळल्यावर त्यांतलाच एक जण मला म्हणाला, "तुम्ही तर शेतकरी-धनगर माणसं, तुमची नाळ मातीशी. तुम्हाला कसं सोडवतं?" मी त्याला विचारलं, "तुमच्या मातीत तुमचं नाव किती पिढ्यांचं आहे?" म्हणाला, सात-आठ तरी. मी म्हणालो, "माझ्या बापाला एका पिढीचंही मिळालं नाही. म्हणून मी घेतोय. तुम्ही विमानतळावरच्या रांगेसाठी घेतलंत. तेवढा फरक आहे." त्यानंतर मला गणपतीचं बोलावणं आलं नाही.

मला लोक विचारतात, एका फॉर्मसाठी देश सोडला का. हो. फॉर्मसाठीच. देश म्हणजे झेंडा आणि क्रिकेट असेल कुणाला. मला देश तेवढाच कळला जेवढा कचेरीच्या खिडकीतून माझ्याशी बोलला. माझ्या देशानं गावात तार आणली, खर्च केला, पाटी लावली आणि मग त्या तारेच्या तोंडाशी एक माणूस बसवला, ज्यानं ठरवायचं की कोण गावचं आणि कोण नाही. दुसऱ्या देशानं तो माणूस बसवला नाही. धोरणातला एवढाच फरक, आणि त्याच्यावर मी नागरिकत्व निवडलं. भावना बाजूला ठेवून निवडलं, असं म्हणायला बरं वाटतं, पण ते खोटं आहे. राग होता. अजून आहे. निम्मा माझ्यावरच आहे.

पासपोर्ट जमा केला तेव्हा त्याचा कोपरा कापून तो मला परत दिला. त्या दिवशी आबांना फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. मागं मेंढरांचा आवाज येत होता.

"मंग आता तुला हितं यायचं म्हणलं तर इचारावं लागंल?"

"व्हय आबा. परवानगी काढावी लागंल. किती दिवस राहणार तेबी लिहून द्यावं लागंल."

"आन् दिवस संपले की?"

"निघावं लागंल."

"लई दिवस नगं राहू मंग," आबा म्हणाले. "लोक बोलत्यात."

बहीण त्या वेळी माहेरी आलेली होती, पोटुशी होती. तिनं फोन घेतला आणि म्हणाली, "तू गाव बदललंस दादा, तुझं जमलं. मला तर ह्याच लोकांत राहायचंय." सासरच्या गावात नर्स येते, यादी घेऊन येते, आणि आता त्या यादीत तिचं नाव आहे, तिच्या नवऱ्याच्या नावाखाली, असंही तिनं सांगितलं. आवाजात काही नव्हतं. मी पुढच्या वर्षीचा फॉर्म काढून ठेवला होता. तिच्या सासरच्यांनी नको म्हणून सांगितलं.

बहीण नर्स झाली नाही. मी त्या देशाचा नागरिक झालो, आणि आमच्या खानदानात कुणाच्या सहीशिवाय कायद्यानं एका गावचा रहिवासी ठरलेला मी पहिला माणूस आहे.